मार्क कमी, नीट पुन्हा: रिपीटर आणि त्यांच्या घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्वतः एक वर्ष ड्रॉप घेऊन, म्हणजे वर्षभर थांबून नीट (वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा) पुन्हा देऊन, एमबीबीएसला लागले. आता सुट्टीच्या दिवशी डोंबिवलीतल्या एका अभ्यासिकेत मुलांचे फॉर्म आणि पेपर बघत बसते. निकाल लागला की फोनवर त्याच त्या प्रश्नांची रांग लागते. ते प्रश्न मुलं विचारतात त्याच भाषेत खाली दिले आहेत. जिथे एक उत्तर दुसऱ्यात शिरतं तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, नीट किती वेळा देता येते? माझं वय एकवीस आहे, चालेल का?

चालेल. किती वेळा द्यायची याला मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही नाही. खालची आहे: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण हवीत. आधीच्या वेळी किती मार्क होते हे प्रवेशाच्या वेळी कोणी विचारत नाही. मेरिट लागतं ते त्या वर्षीच्या नीटवर.

२. मी क्वालिफाय झालोय. मग सगळे का म्हणतात की काही मिळणार नाही?

क्वालिफाय होणं म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. जनरलला ५० पर्सेंटाइल (म्हणजे परीक्षा दिलेल्या निम्म्या मुलांच्या पुढे) आणि एससी, एसटी, ओबीसीला ४० पर्सेंटाइल लागतं. २०२५ मध्ये जनरलची ही रेषा ७२० पैकी १४४ मार्कांवर आली. त्या वर्षी देशभरात बारा लाखांहून जास्त मुलं पात्र ठरली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या बऱ्याच खासगी, म्हणजे फी बघूनच पोटात गोळा येईल अशा. व्हॉट्सअपवर ‘क्वालिफाइड’ म्हणून पेढ्यांचा फोटो टाकायला हरकत नाही, पण पुढचा निर्णय त्या शब्दावर घेऊ नकोस.

आणि मार्कांची तुलना मागच्या वर्षाशी करू नकोस. २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० मिळवणारी मुलं होती. २०२५ मध्ये फिजिक्सने असा दणका दिला की देशात पहिल्या आलेल्यालाच ६८६ होते. मावसभावाला ‘साडेपाचशेला काही मिळालं नव्हतं’ म्हणून तुलाही मिळणार नाही, असं गणित नाही. ऑल इंडिया रँक बघ, राज्याच्या मेरिट लिस्टमधला नंबर बघ आणि त्याच नंबरला गेल्या वर्षी कुठे जागा मिळाली ते सीईटी सेलच्या (राज्यातले प्रवेश करणारा सरकारी कक्ष) याद्यांमध्ये शोध.

३. बारावीला पीसीबीत कमी मार्क आहेत. त्याचा फटका बसेल?

फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५० लागतात. राखीव वर्गाला ४० टक्के, म्हणजे १२०. इंग्रजी पास हवं. ही रेषा ओलांडली असेल तर बारावीचा विषय संपला, मेरिटमध्ये ते मार्क धरत नाहीत. दोघांना नीटमध्ये सारखे मार्क पडले तरी आधी बायोलॉजीचे, मग केमिस्ट्रीचे, मग फिजिक्सचे नीटमधलेच मार्क बघतात.

रेषेच्या खाली असशील तर मात्र नीटला सहाशे मिळूनही उपयोग नाही. बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा बसता येतं. तो फॉर्म वेळेत भर. नीटच्या नादात त्याची तारीख हुकवलेली मुलं मी पाहिली आहेत.

४. ड्रॉप घेऊ की जे मिळतंय ते घेऊ?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. मी उत्तर देत नाही, उलट विचारते: या वर्षी काय वेगळं करणार, ते एका वाक्यात सांग.

‘जास्त अभ्यास करणार’ हे उत्तर नाही. ते प्रत्येक जण म्हणतो आणि ऑगस्टपर्यंत खरंही असतं. ‘अकरावीचं फिजिक्स मी केलंच नव्हतं, ते ऑक्टोबरपर्यंत पूर्ण करणार’ हे उत्तर आहे. ‘मी मॉक (सराव पेपर) दिले, पण एकही तपासला नाही, आता प्रत्येक तपासणार’ हेही उत्तर आहे. अकरावी प्रॅक्टिकल, प्रवास आणि बोर्डाच्या धांदलीत गेली आणि आता कमी मार्क पडलेत, तर पहिला ड्रॉप मला बहुतेक वेळा रास्त वाटतो, कारण न झालेला अभ्यास भरून काढता येतो. उलट दोन वर्षं मन लावून क्लास केला, सगळं वाचलं, मॉकमध्येही तेवढेच मार्क होते आणि पेपरही तेवढ्यालाच गेला, तर आणखी एक वर्ष तेच करून मार्क कुठून वाढणार? तिथे आधी प्रश्न ५ मधलं काम कर, मग ठरव.

माझ्या पहिल्या वेळी बायोलॉजी बरं होतं आणि फिजिक्समध्ये मी अक्षरशः बुडाले होते. घरी मात्र ‘तब्येत बरी नव्हती’ असं सांगितलं. बाबांनीही तेच सगळ्यांना सांगितलं. जून अख्खा त्या थापेत गेला. क्लासला जाऊन ‘मला वेक्टरही येत नाहीत’ म्हटलं तेव्हा कुठे माझं वर्ष सुरू झालं.

‘मिळतंय ते’ म्हणजे नक्की काय, हेही लिहून काढ. बीडीएस (दंतवैद्यक), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) यांचे प्रवेश नीटवरच होतात. राज्यात फिजिओथेरपीचे प्रवेशही नीटच्या मार्कांवर होतात, पशुवैद्यकीयलाही नीट लागते (परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय मुंबईकरांच्याच लक्षात नसतं). बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी आहे. यातलं एखादं तुला खरंच आवडत असेल तर ते ‘मिळेल ते’ नाही. नुसतं नावापुढे डॉक्टर लागावं म्हणून घेणार असशील तर पहिल्याच वर्षी अंगावर येईल.

५. मार्क नक्की कुठे गेले हे शोधायचं कसं?

एनटीए (नीट घेणारी संस्था) तुझी ओएमआर उत्तरपत्रिका आणि उत्तरतालिका देते तेव्हाच उतरवून ठेव, नंतर मिळेल या भरवशावर राहू नकोस. मग प्रश्नपत्रिका घेऊन बस आणि प्रत्येक चुकलेल्या व सोडलेल्या प्रश्नापुढे कारण लिही: येत नव्हतं, येत होतं पण विसरलो, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ संपला. पहिल्या रकान्यात गर्दी असेल तर अभ्यास कमी पडला. चौथ्या-पाचव्यात असेल तर सवय बदलायची आहे, आणखी एक जाडजूड पुस्तक विकत घेऊन ती बदलत नाही.

एक हिशेब करून दाखवते (बरोबर उत्तराला +४, चुकीला −१). १८० पैकी १३० बरोबर, ४० चूक, १० सोडले: ५२० वजा ४०, म्हणजे ४८०. त्या ४० पैकी २० नुसते सोडले असते तर ५००. पण तेच २० बरोबर आणले तर १५० बरोबर, २० चूक, म्हणजे ५८०. एक चूक बरोबर झाली की पाच मार्क हलतात. एवढ्या फरकाने मेरिटमधला नंबर हजारोंनी वर येतो आणि त्यासाठी एकही नवा धडा लागेलच असं नाही.

मार्क फारच कमी असतील, दोनशे-तीनशेच्या घरात, तर आधी बायोलॉजी. ९० प्रश्न, ३६० मार्क, म्हणजे निम्मा पेपर. आपल्याकडची मुलं बालभारतीचं पुस्तक पाठ करतात आणि एनसीईआरटी ‘नंतर’ म्हणून ठेवतात. नीटच्या बायोलॉजीत प्रश्न एनसीईआरटीच्या वाक्यावर, आकृतीखालच्या ओळीवर येतो. अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो आणि २०२४ च्या परीक्षेपासून त्यातले काही भाग गळाले आहेत. दादाच्या जुन्या नोट्स वापरणार असशील तर आधी त्या नव्या अभ्यासक्रमाशी ताडून बघ.

६. मायनस आहे, मग माहीत नसेल तर सोडायचंच ना?

क्लासमध्ये तसंच सांगतात. गणित थोडं वेगळं बोलतं. चार पर्यायांत आंधळा टोला मारला तर सरासरीने चारात एकदा +४ आणि तीनदा −१, म्हणजे चार प्रश्नांत एक मार्क. फायदा जवळजवळ नाहीच आणि नशीब फिरलं तर तोटा. पण दोन पर्याय खात्रीने कापता आले तर दोनातून एकदा +४, एकदा −१, म्हणजे दर प्रश्नाला सरासरी दीड मार्क. तिथे सोडणं हे नुकसान आहे. खरा धोका ‘खात्री’ या शब्दात आहे. मॉकमध्ये असे प्रश्न खुणा करून ठेव आणि त्यातले किती बरोबर येतात ते मोज.

७. क्लास कुठला: दादर, ठाणे, की सरळ लातूर किंवा कोटा?

नाव घेऊन सांगणार नाही. बॅचमध्ये किती मुलं, डाउट कोण सोडवतं आणि मॉकनंतर पेपर कोणी बसून बघतं का, एवढं विचार. फलकावरच्या टॉपरांच्या फोटोंकडे बघू नकोस. मी ज्या रिपीटर बॅचला होते तिथे पहिल्या दोन तुकड्यांनाच चांगले शिक्षक मिळायचे, आम्हाला व्हिडिओ. फी सगळ्यांची सारखी.

प्रवासाचा हिशेब मात्र कर. बदलापूरहून दादरला रोज जाऊन-येऊन तीन तास जात असतील आणि त्यात पुस्तक उघडायलाही जागा नसेल तर जवळचा साधा क्लास परवडला. लातूरला खोली घेऊन राहणं काहींना मानवतं, काही दिवाळीला घरी येतात ते परतच जात नाहीत. राजस्थानातल्या कोट्याला जाणार असशील तर आधी प्रश्न ९ वाच.

८. घर दहा बाय बाराचं आहे, टीव्ही चालू असतो. अभ्यास कुठे करू?

अभ्यासिका. नगरसेवकांच्या, मंडळांच्या, वाचनालयांच्या अभ्यासिका मुंबई-ठाण्यात जागोजागी आहेत, शुल्क किरकोळ. एमपीएससीवाल्यांच्या शेजारी बसलं की आपोआप शिस्त लागते.

९. महाराष्ट्राच्या कोट्यातून जागा मिळायला काय लागतं?

सरकारी कॉलेजांत १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि त्या एमसीसी (केंद्राची वैद्यकीय प्रवेश समिती) भरते. उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या, त्या सीईटी सेल भरते. राज्याच्या जागांसाठी साधारण नियम असा: दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, शिवाय डोमिसाइल. बदलीच्या नोकरीतल्या काही कर्मचाऱ्यांची मुलं आणि सीमाभागातली मुलं यांच्यासाठी अपवाद आहेत, त्यांची कागदपत्रं वेगळी.

खड्डा इथे आहे. बारावी महाराष्ट्रातून झाल्यावर ड्रॉपसाठी कोटा शहरात गेलास तर काही बिघडत नाही. पण धाकट्या भावाला अकरावीपासूनच तिकडे पाठवून तिथल्याच शाळेतून बारावीला बसवलं तर ८५ टक्क्यांचा दरवाजा बंद होऊ शकतो. जन्म गिरगावातला असला तरी.

१०. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. पेपर मराठीतून देऊ का?

देता येतो. मराठी निवडलं की प्रश्नपत्रिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं. भाषांतरात घोळ असेल तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. अकरावी-बारावीला ‘ऑस्मॉसिस’ शिकून पेपरात ‘परासरण’ वाचायची वेळ आली तर क्षणभर थबकायला होतं. दोन मॉक तसे देऊन बघ, मग फॉर्ममध्ये भाषा निवड.

११. जातीचे दाखले गेल्या वर्षीचे आहेत. तेच चालतील?

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र एकदा मिळालं की कायमचं. नॉन-क्रीमी लेयरवर मात्र ते कधीपर्यंत वैध आहे ती तारीख असते, बहुधा कुठल्या तरी ३१ मार्चची. ईडब्ल्यूएसही (आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला) आर्थिक वर्षापुरतं. रिपीटर नेमके इथे अडकतात, कारण ‘फाइल तयारच आहे’ असं वाटतं. वैधता मिळालेलीच नसेल तर अर्ज आजच कर. निकालानंतर जात पडताळणी समितीच्या कार्यालयाबाहेर जी गर्दी होते त्यात उभं राहायची पाळी येऊ देऊ नकोस.

दुसरी गोष्ट: राज्याची आणि केंद्राची यादी एक नाही. २०२४ च्या कायद्याने आलेलं एसईबीसीचं (मराठा समाजाचं) १० टक्के आरक्षण राज्याच्या जागांना आहे, अखिल भारतीय कोट्यात तो प्रवर्गच नाही. व्हीजे-एनटीचे राज्यातले वेगळे गटही तिथे नाहीत, तिथे केंद्रीय ओबीसी यादीत जात आहे का ते बघावं लागतं आणि नॉन-क्रीमी लेयर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. म्हणजे एकाच मुलीचा प्रवर्ग दोन फॉर्मवर दोन वेगळे असू शकतात, आणि ते बरोबर असतं.

१२. नीटचा फॉर्म भरलाय. अजून काही भरायचं असतं का?

हो, आणि हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी तारीख गेल्यावर विचारतं. नीटची नोंदणी एनटीएकडे, अखिल भारतीय कोटा आणि अभिमत विद्यापीठांसाठी एमसीसीकडे वेगळी, राज्याच्या कॅप राउंडसाठी (केंद्रीभूत प्रवेश फेऱ्या) सीईटी सेलकडे आणखी वेगळी. तीन संकेतस्थळं, तीन पासवर्ड. वहीत लिहून ठेव.

पसंतीक्रम मनातल्या क्रमाने भर. गेल्या वर्षीच्या कटऑफच्या क्रमाने नाही. वर न मिळणारी कॉलेजं टाकली म्हणून खालचं जात नाही. ज्या गावाला खरंच जाणार नाहीस ते मात्र टाकू नकोस, कारण पुढच्या राउंडांत जागा मिळून न घेणं महाग पडतं. एमसीसीत पहिल्या राउंडला बाहेर पडायची मोकळीक असते, दुसऱ्यात अनामत जाते, तिसऱ्या राउंडपासून घेतलेली जागा सोडता येत नाही आणि शेवटच्या स्ट्रे राउंडची जागा नाकारली तर पुढच्या वर्षीच्या नीटलाही मुकावं लागू शकतं. ‘बघू तर मिळतंय का’ म्हणून त्या राउंडमध्ये शिरणारा रिपीटर स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. राज्याच्या राउंडमध्ये ‘स्टेटस रिटेन्शन’ भरलं की हातातली जागा पक्की आणि पुढची वाट बंद. सही करण्याआधी घरात एकदा मोठ्याने वाचा.

१३. मला मुंबईतलंच कॉलेज हवंय.

केईएम, जेजे, सायन, नायर, कूपर ही नावं सगळ्यांनाच हवी असतात, नांदेडच्या मुलालाही. विभागवार ७०:३० चा कोटा २०२० मध्ये रद्द झाला, तेव्हापासून सगळं राज्य एकाच यादीत आहे. मार्क बेताचे असतील तर अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, नंदुरबार, गोंदिया ही सरकारी कॉलेजं यादीत हवीतच. पदवी सगळीकडे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच. फक्त डबा आईच्या हातचा नसेल. मुंबईच्या हट्टापायी सिंधुदुर्ग सोडून वर्षभर पुन्हा झुरणाऱ्याला मी तरी पाठिंबा देत नाही.

१४. बीएएमएसला प्रवेश घेऊन शेजारी नीट पुन्हा देऊ का?

परीक्षेला बसता येतं. अडचण वेगळीकडे आहे: मूळ कागदपत्रं कॉलेजकडे असतात, नवीन जागा मिळाली की आधीचा प्रवेश रद्द करूनच ती सुटतात आणि ठरलेल्या तारखेनंतर रद्द केलं तर फीवर पाणी सोडावं लागतं. शिवाय हजेरी, शरीररचनेच्या तोंडी परीक्षा आणि नीट, तिन्ही एकत्र करणारी मुलं असतात, पण थोडी. रद्द करण्याचे नियम प्रवेशाच्या दिवशीच विचारून घे.

१५. बारावीला मॅथ्स होतं, बायोलॉजी नव्हतं. आता काही होऊ शकतं?

होऊ शकतं. बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून पास झालेल्यांना नीट देता येईल, असं वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. बाकी अटी प्रश्न ३ आणि ९ प्रमाणे.

१६. मुलीला खासगीत मिळतंय, पण फी झेपणार नाही. काय करावं? (एका काकूंचा प्रश्न)

काकू, आधी जागा कुठल्या कोट्यातली ते बघा. कॅपमधून, राज्याच्या कोट्यात प्रवेश असेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. संस्थात्मक कोटा किंवा अभिमत विद्यापीठ असेल तर ही सवलत नाही. वसतिगृह, मेस आणि अनामत यांचा खर्च वेगळा धरा. आणि ‘संस्थात्मक जागा करून देतो’ म्हणत फोन करणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. त्या जागाही नीटच्या मेरिटनेच भरतात.

१७. तिकडे एवढे मार्क लागत नाहीत म्हणून परदेशात जाऊ का?

तिथेही नीट पात्रता लागतेच, परदेशातल्या प्रवेशासाठी तो निकाल तीन वर्षं चालतो. २०२१ च्या नियमांनुसार कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा हवा, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि त्या पदवीवर त्या देशात डॉक्टरकीची परवानगी मिळत असली पाहिजे. परत आल्यावर एफएमजीई (परदेशातून शिकून आलेल्यांची परीक्षा) ३०० पैकी १५० ने पास करायची आणि इथे पुन्हा इंटर्नशिप. एजंट पहिल्या वर्षाची फी सांगतो. तू सहा-सात वर्षांचा हिशेब माग.

१८. दुसरा ड्रॉपही फसला. तिसरा घेऊ?

शेवटच्या दहा मॉकचे मार्क ओळीने लिही. आकडे चढत होते आणि पेपरच्या दिवशी काही घडलं, तर बोलू. आकडे एका जागी होते, तर नको. दुसऱ्या कोर्सचा फॉर्म भर, नीट पुढेही देता येते (प्रश्न १ आणि १४).

१९. मला आता पुस्तक उघडलं की रडू येतं. घरी सांगू शकत नाही.

मग आज पुस्तक उघडू नकोस. घरातल्या एकाला तरी सांग, आई-बाबा नाही तर आत्या, मामा, कोणीही. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर १४४१६ वर फोन कर. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. पालकांना एकच विनंती: शेजारच्याचे मार्क जेवताना काढू नका.

२०. परीक्षेच्या दिवसासाठी काही सांगशील?

मॉक दुपारी दोन ते पाच याच वेळेत दे, जेवणानंतरची झोप तेव्हाच कळते. २०२५ पासून १८० प्रश्न, १८० मिनिटं, पर्यायी प्रश्न गेले. जुने २०० मिनिटांचे मॉक लावून वेळेचा अंदाज बांधू नकोस.

आणि नीट रविवारी असते, तेव्हा लोकलचा मेगाब्लॉक बघ. दीड वाजता दार बंद झालं की कोणाच्या ओळखीने उघडत नाही. माझ्या दुसऱ्या वेळी हार्बरला ब्लॉक होता. बाबांनी आदल्या दिवशी त्याच वेळेला केंद्रापर्यंत बसने जाऊन यायला लावलं होतं, मी वाटभर कुरकुरत होते.